कॅल्शियमची कडकट्ट
(मुळांवरच्या गाठी : लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण रायझोबियम जिवाणूंना मुळाच्या केसाबाहेर उभे करून थांबलो होतो. त्यांनी सोडलेले ‘नॉड फॅक्टर’ हे रसायन झाडाने ओळखले. पण पेशीच्या पृष्ठभागावरची ही वर्दी आत केंद्रकापर्यंत जाते कशी?

उत्तराचा धागा 1996 साली अमेरिकेत शॅरन लाँग यांच्या प्रयोगशाळेत हाती लागला. लसूणघासाच्या मुळांच्या केसांना हे रसायन दिले आणि काही मिनिटांतच केंद्रकाभोवती कॅल्शियमची पातळी उसळू लागली. मिनिटा-दोन मिनिटांनी एक उसळी, तासन्‌तास. जुन्या तारयंत्राची कडकट्टच ही.

एरवी पेशी आपल्या द्रवात कॅल्शियम जवळपास टिकूच देत नाही. बाहेरच्या मानाने ते सुमारे दहा हजारपट कमी असते. ते वाढले तर फॉस्फेटशी जुळून त्याचा साका होईल आणि पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहारच अडेल. पण ही टंचाई आहे म्हणूनच जरासे कॅल्शियम सुटले तरी ते ठळक जाणवते. केंद्रकाच्या आवरणात त्याचा साठा असतो. तिथले ‘सीएनजीसी15’ हे दार उघडले की ते बाहेर पडते, आणि ‘एमसीए8’ नावाचा पंप ऊर्जा खर्चून ते पुन्हा आत भरतो. या उसळ्या वाचते ‘सीसीएएमके’ हे प्रथिन. एका प्रयोगात गाठींशी संबंधित जनुक जागे व्हायला सुमारे 36 उसळ्या लागल्या. याहून गमतीची गोष्ट म्हणजे हे प्रथिन जनुकीय बदलाने कायमचे ‘चालू’ ठेवले, तर जिवाणू नसतानाही मुळांवर गाठी येतात. जिवाणूंविना रिकाम्या, बिनकामाच्या, पण गाठीच! थोडक्यात, गाठ बांधण्याचा आराखडा झाडाचाच. जिवाणू फक्त निमित्त.

गाठ तयार झाल्यावरही कॅल्शियमची ने-आण थांबत नाही. आतले जिवाणू झाडाच्याच पातळ पटलात गुंडाळलेले असतात. त्या पटलावरही पंप असतो आणि तो जिवाणूंच्या बाजूला कॅल्शियम ढकलतो. पिवळ्या ल्युपिनच्या गाठींतील अशा कप्प्यांतून कॅल्शियम काढून घेतल्यावर जिवाणूंचे हवेतला नत्र बांधण्याचे काम मंदावल्याचे दिसले आहे.

आता शेताकडे. आम्ल जमिनीत कॅल्शियम कमी पडते, आणि त्याचा फटका झाडाच्या वाढीआधी गाठींना बसतो. तिथे चुना टाकण्यात अर्थ आहे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र कॅल्शियम मुबलक असते. तिथे गाठी कमी दिसल्या तर चुन्याच्या मागे लागू नका. बियाण्याला रायझोबियम चोळले होते का आणि युरिया जास्त पडला का, ते आधी पाहा. भुईमुगाला आऱ्या सुटताना देतात ते जिप्सम मुख्यतः गाठींसाठी नसतेच. शेंग जमिनीतले कॅल्शियम स्वतःच शोषते आणि ते मिळाले नाही तर पोचट राहते.