मोड आलेली कडधान्ये
(अंकुरित कडधान्ये). मूग, मटकी, चवळी, हरभरा, मसूर, हुलगे (कुळीथ), वाल, वाटाणा इ. कडधान्ये अखंड स्वरूपात पाण्यात भिजवून, नंतर ओलसर व उबदार जागी ठेवली असता त्यांतील अंकुर बाहेर पडतात. त्यांना मोड असे म्हणतात. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत, कारण दाणा फुटताना त्यातील गर्भ निखळतो. मोड आलेल्या कडधान्यांची उसळ हा महाराष्ट्रातील रोजच्या जेवणातील महत्त्वाचा पदार्थ असून मिसळीतही मुख्यत्वे मोडाची मटकी वापरतात. कोकणात कडवे वाल भिजवून, मोड आणून, गरम पाण्यात टाकून सोलतात. सोललेल्या वालांना डाळिंब्या व त्यांच्या उसळीस बिरडे असे म्हणतात.

कृती : कडधान्य निवडून, धुऊन त्याच्या सु. तिप्पट पाण्यात ८ ते १२ तास भिजत ठेवतात. ते पाणी ओतून दाणे पुन्हा धुतात आणि ओलसर फडक्यात बांधून किंवा चाळणीत झाकून ठेवतात. मूग व मटकी यांना उन्हाळ्यात साधारणपणे १२ ते २४ तासांत मोड येतात. थंडीत अधिक वेळ लागतो. हरभरा व वाल यांनाही जास्त वेळ द्यावा लागतो. दाणे कोरडे पडल्यास मोड खुंटतात, तर पाणी साचल्यास हवा न मिळून ते कुजतात. उसळीसाठी सु. १ सेंमी. लांबीचे मोड पुरेसे होतात.

रासायनिक बदल : कोरडा दाणा सुप्तावस्थेत असतो. पाणी शोषले जाताच त्यातील एंझाइमे कार्यक्षम होतात व अंकुराच्या पोषणासाठी साठविलेल्या स्टार्च आणि प्रथिने यांचे अंशतः विघटन होऊ लागते. कडधान्यातील फायटिक अम्ल लोह व जस्त यांना बांधून ठेवते. फायटेज या एंझाइमामुळे त्याचे प्रमाण घटते आणि ही खनिजे शरीरास अधिक सुलभ होतात. पोटात वायू धरण्यास कारणीभूत होणाऱ्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्कराही कमी होतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोडांत नव्याने तयार होते. मुगाच्या १०० ग्रॅ. ताज्या मोडांत ते सु. १३ मिग्रॅ. असते.

मोड आल्याने प्रथिने वाढतात, हा समज मात्र बरोबर नाही. कोरड्या कडधान्यात वजनाच्या सु. २० ते २५ टक्के प्रथिने असतात. मोड आलेल्या दाण्यांत पाणी पुष्कळ असल्याने तेवढ्याच वजनात ती बरीच कमी भरतात. एक मूठ कोरड्या मटकीत जेवढे प्रथिन असते, जवळजवळ तेवढेच तिच्या मोडांत राहते. सुधारते ती पचनसुलभता.

इतिहास : मोडांच्या या गुणाचा उपयोग क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर करण्यात आला. हॅरिएट चिक व एलेन डेल्फ या संशोधिकांनी १९१९ मध्ये कोरड्या व अंकुरित बियांच्या स्कर्व्हीरोधक गुणाची तुलना प्रसिद्ध केली. १९४० च्या सुमारास हिस्सार जिल्ह्यातील दुष्काळात ताजी भाजी व फळे दुर्मिळ असताना मोड आलेले हरभरे देऊन या रोगाचा प्रतिबंध करण्यात आला.

आहारातील स्थान : कडधान्यांच्या प्रथिनांत लायसीन भरपूर, पण मिथिओनीन कमी असते, ज्वारी, बाजरी, गहू व तांदूळ यांत याच्या उलट स्थिती असते. म्हणून भाकरी किंवा भात यांच्या जोडीला उसळ असल्यास दोहोंची उणीव भरून निघते. राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सु. ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात रश्श्याबरोबर दाणेही पुरेसे पडणे, हे या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. उसळीवर आयत्या वेळी लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास त्यातील टॅनिनांमुळे ते घटते.

शिजविताना घ्यावयाची काळजी : क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने नाश पावते, म्हणून उसळ बेताच्या पाण्यात, झाकण ठेवून, लागेल तेवढाच वेळ शिजवावी व शिजवणीचे पाणी टाकून देऊ नये. दाणे लवकर मऊ व्हावेत म्हणून सोडा घातल्यास थायामीन (ब१ जीवनसत्त्व) नाश पावते. राजम्यात लेक्टिन हे विषारी प्रथिन असते. त्यामुळे तो केवळ मोड आणून कच्चा खाऊ नये, भिजवणीचे पाणी टाकून चांगला उकळून शिजवावा.

ज्या उबेत व ओलाव्यात मोड वाढतात, त्यातच सूक्ष्मजंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत प्रामुख्याने मेथीच्या कच्च्या मोडांवाटे पसरलेल्या एश्चेरिकिया कोलाय जंतूच्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले व ५० हून अधिक दगावले. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध व अशक्त व्यक्ती यांना कच्चे मोड देऊ नयेत. शिजविल्याने क जीवनसत्त्व काही अंशी कमी झाले, तरी ही हानी जंतुसंसर्गाच्या मानाने क्षुल्लक होय. बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड टाकून द्यावेत.