समुद्रपूरचा समुद्र

नागपूर-हैदराबाद महामार्गावर जामचा चौरस्ता सोडून गिरडच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात समुद्रपूर येतं. वर्धा जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी एका तालुक्याचं हे गाव. नावात समुद्र असला तरी वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या वर आहे आणि पूर्वेचा किनाराही काही शेजारी नाही. एस.टी.त बाजूला बसलेल्या गृहस्थांना या नावाचं विचारलं, तर ते म्हणाले, "पाऊस लागला का आमच्या वावरात येऊन पाहा जी, मंग समजते."

मला समुद्र सापडला तो आठवडी बाजारात, मे महिन्याच्या अखेरीस, गोणपाटावर मांडलेल्या चार ढिगांमध्ये.

बाजारात भाजीवाल्यांच्या ओळी आधी लागतात, मग मिरची, मग चपला आणि प्लास्टिकचे डबे. मासोळीवाल्या अगदी कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतात. ही जागा त्यांना कोणी नेमून दिली असेल असं वाटत नाही, वासानेच ती ठरवली असावी. एका बाजूला ढीवर बायका पोथरा आणि लाल नाला धरणांची ताजी रोहू-कतला घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर सुकी मासोळी विकणारी मावशी. वय पंचावन्नच्या आसपास असेल. मी दोन-तीन तास तिच्या बाजूला, एका उलट्या क्रेटवर बसून होतो. पहिल्या अर्ध्या तासात तिला मी सरकारी माणूस वाटलो. नंतर माझ्याकडे तिने तराजूची वजनं सांभाळायला दिली.

मांडामांडीचा क्रम ठरलेला. आधी ताडपत्री, तिच्यावर दुहेरी गोणपाट, मग एकेक पोतं सोडायचं. दोन ढीग झिंग्यांचे. एक बारीक, किनाऱ्यावर ज्याला जवळा म्हणतात तो, आणि दुसरा जाड्या झिंग्यांचा, म्हणजे कवचासकट वाळवलेल्या कोळंबीचा. तिसरा ढीग बारीक मिसळ मासोळीचा. चौथा बोंबलांचा, पण तो ढीग कसला, काटक्यांची मोळीच. सोडे नाहीत का, असं विचारलं तर ती हसली. "सोलून वाळवलेले झिंगे इथं कोन घेते जी? भाव आयकूनच गिराईक पळते."

माल ओतला की लगेच विक्री सुरू होत नाही. बारीक झिंगे आधी चाळणीतून काढायचे. चाळणी गोल फिरली की खाली मिशा, पाय, तुटकी डोकी असा तपकिरी भुगा पडतो. तो वेगळ्या पिशवीत जातो, कोंबड्या पाळणारे तो स्वस्तात नेतात. वर उरलेला माल सुपात घेऊन पाखडायचा. तिचं मनगट असं चालत होतं की झिंगे सुपाच्या काठापर्यंत जाऊन परत यायचे, बाहेर पडायचं ते फक्त फोल. हे सगळं झाल्यावर ताडपत्रीच्या घडीत मूठभर रेती उरली. जवळा किनाऱ्यावर जमिनीलगत पसरून वाळवतात, तेव्हा ती त्याच्यासोबत पोत्यात शिरते. मावशीने ताडपत्री झटकली आणि समुद्रकाठची रेती समुद्रपूरच्या काळ्या मातीत गेली. माझ्याशिवाय कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि का असावं?

बोंबील कुठचा, विचारलं. "मुंबईचा." जाडे झिंगे? "मुंबईचे." बारीक मासोळी? तीही मुंबईची. ठोक माल नागपूरहून येतो, आणि नागपूरला तो वसई-सातपाटीच्या बाजूने आला की गुजरातच्या जाफराबादहून, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. मावशीच्या लेखी जे खारं ते मुंबईचं. मी तिला सांगितलं की वसई, अर्नाळा, सातपाटीला बोंबील वाळवायला बांबूंच्या वलांड्या उभारतात, आडव्या दोऱ्या बांधतात, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. तिने हातातला बोंबील उलटा करून जबड्याकडे पाहिलं. "म्हंजे कपड्यावानीच," ती म्हणाली, आणि समोरच्या बाईला पावशेर तोलून दिला.

या धंद्याचं सगळं गणित पाण्याचं आहे. ताज्या बोंबलात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. म्हणून तो ताजा इतका लुसलुशीत लागतो आणि म्हणूनच ताजा फार लांब जात नाही. पाणी किनाऱ्यावरच उडवलं की उरलेला दहावा भाग मिठाशिवायही लांबचा प्रवास करू शकतो, हलका असतो आणि ट्रकच्या टपावरही चालतो. अडचण इथे पोचल्यावर सुरू होते. पावसाळी हवेत सुकलेली मासोळी गेलेलं पाणी परत ओढून घेते. बाहेरच्या माणसाला वाटेल, बरंच आहे, वजन वाढलं तर विकणाऱ्याचा फायदा. मावशीने तो समज एका वाक्यात मोडला: "वजन वाढते अन् माल मरते." ओलसर मालाला बुरशी धरते, काळा किडा लागतो, आणि एकदा किडा लागला की तो आतून पोखरत जातो, वरून बोंबील शाबूत दिसतो.

त्यामुळे तिचा खरा हंगाम एप्रिल-मे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, नवा माल थांबतो, भाव चढतात. त्याच्या आत बचत गटातून उचल घेऊन तिला चार महिन्यांचा माल भरावा लागतो. आणलेला माल घराच्या टिनावर दोन दिवस कडक उन्हात टाकायचा, मग पत्र्याच्या पिंपात भरून झाकण गच्च लावायचं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि आपण सगळे त्या उन्हाच्या नावाने बोटं मोडतो. मावशी मोडत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत जे वाळवण अर्धवट राहिलं असेल, ते आपल्या टिनावर पुरं होतं, असं तिचं मत, आणि मला ते पटलं.

वर्धा म्हटलं की बाहेरच्यांना सेवाग्राम आणि पवनार आठवतं, आणि अख्खा जिल्हा उकडलेल्या भाजीवर जगत असेल असा त्यांचा समज असतो. त्यांनी मृगाच्या तोंडावर या ओळीत तासभर उभं राहावं. पेरणी सुरू झाली की वावरात जाणाऱ्या बाईला सकाळी सातच्या आत भाकरी बांधून निघायचं असतं. पावसात भाजी महाग होते आणि सडतेही लवकर. मूठभर झिंगे कोरडेच भाजले, हातावर चोळून पाय-मिशा फुंकून टाकल्या, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटले की चटणी तयार, आणि ती दोन दिवस टिकते. रात्री वेळ असला तर तेच झिंगे वांग्यात जातात. गिऱ्हाईक इथे वजन सांगत नाही, पैसे सांगतं: "वीसचे झिंगे दे वं मावशी." वीस रुपयांत किती बसतं याचं माप म्हणजे चहाचा एक काचेचा पेला. पेला काठोकाठ भरून वर चिमूटभर टाकायचे, हा रिवाज. ती चिमूट टाकली नाही तर बाई हलत नाही.

उधारीही चालते. वही नाही, सगळं तोंडपाठ. श्रावणात विक्री बसते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, लोक मटणाकडे वळतात, आणि तिचं खातं पुन्हा हलतं ते त्यानंतर.

इथून पुढे गिरडला शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर सुपारी-खोबऱ्यासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणतं. लोक सांगतात की बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा नारळ वगैरे माल शापाने दगड झाला, तेच हे. गोष्ट खरी असो नसो, या भागात समुद्राकडचा माल घेऊन कोणीतरी फार पूर्वीपासून येत होतं, एवढं त्या गोष्टीला ठाऊक आहे. मावशीला ही गोष्ट माहीत होती. तिने त्यातून व्यापाऱ्याच्या बाजूचा अर्थ काढला: "भांडवल बुडलं ना बिचाऱ्याचं."

चारच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ भरून आलं. पहिला थेंब माझ्या हातावर पडला आणि मी वर पाहीपर्यंत बोंबील पोत्यात गेले होते. ताडपत्रीची दोन टोकं तिने धरली, दोन मला धरायला लावली, आणि झिंग्यांचे ढीग जसेच्या तसे मधोमध गोळा झाले. दहा पावलांवरच्या ढीवर बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या घमेल्यातल्या रोहूवर आयतंच पाणी शिंपडलं जात होतं. एकीने हाक मारून मावशीला काहीतरी चिडवलं, मावशीनेही तसंच उत्तर दिलं. ते छापण्यासारखं नाही.

सर दहा मिनिटांची होती. पण उघडल्यावर मावशीने ढीग पुन्हा मांडले नाहीत, पोत्याच्या तोंडातूनच उरलेला माल विकला. मी पावशेर बोंबील मागितला. तिने एक उचलून मधोमध मोडला. काटकी मोडल्यासारखा आवाज आला. "वाकला तं घेऊ नोको," ती म्हणाली, आणि मोडलेले दोन्ही तुकडे वजनाच्या वर, फुकट टाकले. समुद्रपूरच्या बाजारात गेलात तर मृग लागायच्या आत जा, आणि बोंबील मोडून पाहिल्याशिवाय पिशवी उघडू नका.