टाकाऊ संगणक, कामाचे सुटे भाग : ७ – एस-व्हिडिओपासून पिवळ्या पिनेपर्यंत

एस-व्हिडिओ हा चित्राचा संकेत दोन वेगळ्या वाटांनी नेणारा जोड आहे. एका तारेतून उजळपणा आणि चित्र जागेवर धरून ठेवणारे सिंक-स्पंद जातात, दुसरीतून फक्त रंग जातो. जेव्हीसी कंपनीने १९८७ साली एस-व्हीएचएस ही व्हिडिओ-पद्धत आणली, तेव्हा चार पिनांचा हा लहान गोल जोड रूढ झाला. पुढे ग्राफिक्स कार्डांवर आणि लॅपटॉपवरही तो टीव्हीसाठी दिला जाऊ लागला. पिक्चर ट्यूबच्या बहुतेक घरगुती टीव्हींना मात्र चित्रासाठी एकच पिवळे आरसीए सॉकेट असे. त्यात उजळपणा आणि रंग एकाच तारेत मिसळून येतात, आणि या मिश्र संकेताला कंपोझिट म्हणतात. या दोहोंना जोडणारा अडॅप्टर भंगारातल्या दोन केबली आणि एका कपॅसिटरमधून तयार होतो.

उजळपणाची आणि रंगाची तार सरळ एकत्र पिळून टीव्हीला लावली तरी चित्र उमटते, पण ते मंद असते. कारण साधे आहे. दोन्ही संकेतांच्या उगमाशी ७५ ओहमचा रोध असतो आणि टीव्हीच्या आतही तेवढाच. तारा थेट जोडल्या की उजळपणाच्या संकेताला टीव्हीबरोबर रंगाच्या उगमाचेही ओझे वाहावे लागते आणि त्याची पातळी सुमारे दोन तृतीयांशावर येते. सिंक-स्पंदही त्याच प्रमाणात खचतात. एखादा टीव्ही हे सांभाळून घेतो, तर एखाद्यावर चित्र हलू लागते.

इथे ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर कामाला येतो. कपॅसिटर संथ बदलांना अडवतो आणि जलद बदलांना वाट देतो. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत रंगाचा संकेत ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या वाहक लहरीवर स्वार असतो. त्या कंप्रतेला ४७० पिकोफॅरडचा अडथळा सुमारे ७६ ओहम, म्हणजे केबलच्या ७५ ओहमच्या जवळपास भरतो. १ मेगाहर्ट्‌झला तो ३४० ओहमच्या आसपास जातो, १०० किलोहर्ट्‌झला ३,४०० आणि चित्राच्या ओळींच्या १५,६२५ हर्ट्‌झला जवळजवळ २१,७०० ओहम. उजळपणाचा ठळक भाग आणि सिंक-स्पंद याच खालच्या पट्ट्यात असतात, त्यामुळे ते रंगाच्या तारेत शिरत नाहीत, रंग मात्र पलीकडे पोचतो. त्याची तीव्रता घटते, पण रंगीत टीव्हीतील स्वयंचलित रंग-नियंत्रण ती बरीचशी भरून काढते. म्हणूनच ४७० पिकोफॅरड हे मूल्य महत्त्वाचे आहे. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर तो थेट जोडणीसारखाच ठरतो, आणि ४७ पिकोफॅरडचा लावला तर रंग फिके पडतात.

हा कपॅसिटर बहुधा चपट्या गोल टिकलीसारखा सिरॅमिक असतो आणि त्यावर ४७१ असे छापलेले असते. अर्थ ४७ आणि पुढे एक शून्य. तो जुन्या विस्तार-कार्डांवर शोधावा. पॉवर सप्लाय मात्र त्यासाठी उघडू नये, कारण त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही घातक दाबाने भारलेले राहू शकतात. पिवळी पिन जुन्या ऑडिओ-व्हिडिओ केबलीची चालते. चार पिनांचा प्लग एस-व्हिडिओ केबलीतून मिळतो, किंवा ॲपलच्या जुन्या एडीबी कीबोर्डाच्या वायरीतून, कारण तिथेही हाच जोड आहे. पीएस/२ माऊसचा प्लग बाहेरून तसाच दिसतो, पण त्याला सहा पिना असतात. तो जबरदस्तीने घुसवला तर सॉकेट बिघडते.

एस-व्हिडिओ केबल कापली की आत दोन बारीक कोॲक्सियल तारा दिसतात. प्रत्येकीला मधली तार आणि भोवती जाळी. दोन्ही जाळ्या एकत्र करून आरसीए पिनेच्या बाहेरच्या कड्याला सोल्डर कराव्यात. पिन ३ ची, म्हणजे उजळपणाची तार थेट मधल्या टोकाला जाते. पिन ४ ची, रंगाची तार कपॅसिटरमधून त्याच टोकाला जाते. पिन १ आणि २ या त्यांच्या जमिनी. एडीबीच्या वायरीत अशा कोॲक्सियल जोड्या नसतात, म्हणून तिथे प्रत्येक पिनेची तार मल्टिमीटरने तपासावी आणि केबल आखूड ठेवावी. तारा ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे : उजळपणाची तार एकटी पिवळ्या सॉकेटला लावली तर स्वच्छ कृष्णधवल चित्र येते, रंगाची एकटी लावली तर स्थिर चित्र येतच नाही. कपॅसिटरचे पाय आखूड कापावेत, उघड्या सांध्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि मधले टोक जाळीला टेकत नाही हे शेवटी पुन्हा मल्टिमीटरने पाहावे.

जोडणी दोन्ही यंत्रे बंद असताना करावी. अनेक कार्डे चालू होताना ७५ ओहमचा भार जाणवतो का हे तपासतात आणि तो नसेल तर टीव्हीचे निर्गमन बंदच ठेवतात. चित्र आले पण रंग नाहीत, तर आधी सेटिंगमधील पद्धत पाहावी. कार्ड एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही-पद्धतीवर असेल आणि टीव्हीला फक्त पाल कळत असेल, तर अडॅप्टर निर्दोष असूनही चित्र कृष्णधवलच राहते.

व्हीजीएच्या पंधरा पिनांच्या सॉकेटसाठी ही युक्ती लागू पडत नाही. तिथे लाल, हिरवा आणि निळा असे तीन संकेत सुटे येतात आणि ओळी सेकंदाला सुमारे ३१,५०० वेगाने धावतात. टीव्हीचा वेग त्याच्या निम्मा असल्याने मध्ये रूपांतर करणारे सर्किट लागते. उलट दिशेनेही हा अडॅप्टर उपयोगी नाही. एकदा मिसळलेले उजळपणा आणि रंग नुसत्या कपॅसिटरने नीट वेगळे होत नाहीत. त्याच मिसळीमुळे बारीक पट्ट्यांच्या कापडावर नसलेले रंग लहरताना दिसतात आणि रंगीत कडांवर ठिपके सरपटतात. चित्रपट पाहताना ते फारसे खुपत नाही, पण संगणकावरची लहान अक्षरे वाचायची असतील तर टीव्हीवर ती मोठी करूनच वाचावी लागतात.