एका गुंठ्यात ताटाचा आधार

लातूर - शेतात सोयाबीन आणि ऊस, ताटात मात्र आठवडी बाजारातून विकत आणलेली भाजी, हे चित्र लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील खेड्यांना आता नवे राहिलेले नाही. पूर्वी खरीप ज्वारीच्या शेतात तूर, मूग, अंबाडी, तीळ यांच्या ओळी असत. त्यामुळे भाकरीबरोबरचे कोरड्यास शेतातूनच येत असे. नगदी पिकांचे क्षेत्र वाढले, तशा या ओळी कमी झाल्या. परिणामी, भाजी महागली की ती सर्वप्रथम शेतकऱ्याच्याच ताटातून कमी होते.

या प्रश्नाची दुसरी बाजू आरोग्याची आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचविलेल्या आहारात प्रौढ व्यक्तीसाठी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी असून, त्यांपैकी १०० ग्रॅम पालेभाजी आहे. पाच माणसांच्या घरासाठी हा हिशेब रोज दोन किलो भाजीचा होतो. एका गुंठ्याच्या परसबागेतून ही सर्व गरज वर्षभर भागेल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. रोजची अर्धा किलो पालेभाजी मात्र नियोजन केल्यास वर्षातील बहुतेक महिने मिळू शकते.

आखणी कशी करावी?

एक गुंठा म्हणजे साधारण ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा. शेवगा, पपई, कढीपत्ता, लिंबू ही झाडे उत्तर आणि पश्चिम कडेला लावावीत. त्यामुळे वाफ्यांवर दिवसभर सावली पडत नाही आणि उन्हाळ्यात दुपारचे कडक ऊन मात्र अडते. कुंपणावर दोडका, कारले, वाल, घोसाळी यांचे वेल चढवावेत. मधल्या जागेत भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो यांचे वाफे करावेत.

मेथी, कोथिंबीर, शेपू एकाच दिवशी पेरल्यास भाजी एकदमच काढणीला येते व वाया जाते. ती आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी. पालक, राजगिरा, अंबाडी उपटू नये. खुडून घेतल्यास पुन्हा फुटते. शेवग्याचा शेंडा तीन-चार फुटांवर छाटल्यास फांद्या वाढतात आणि पाला हाताशी राहतो. पालेभाजीवर लिंबू पिळून खाल्ल्यास त्यातील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

आपल्याकडील काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. त्यामुळे त्या काळात गादीवाफे, तर उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारे खोलगट वाफे सोयीचे ठरतात. जूनमध्ये झाडाखाली पडणारी निंबोळी वाळवून ठेवावी. तिची अर्धा किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, दहा लिटर द्रावण केल्यास ते रस शोषणाऱ्या किडी व अळ्यांवर फवारता येते. गावरान वाणांचे बी घरीच राखावे. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी तसेच पीक देत नाही.

खरी कसोटी पाण्याची

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या भागात पिण्याचे पाणी दुर्मिळ होते, तेथे भाजीला पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी थेट वाफ्यात सोडावे. साबणाचे पाणी पालेभाजीला न देता केळी, पपईच्या आळ्यात जिरवावे. सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून झाकून ठेवल्यास पाणी हळूहळू मुळांपर्यंत झिरपते. वाफ्यांवर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट पसरल्यास बाष्पीभवन घटते. टंचाईच्या मे महिन्यात पालेभाज्यांचे वाफे मोकळे ठेवून शेवगा व कढीपत्ता तेवढा जगवावा, हेच शहाणपणाचे.

निर्णय बाईच्या हाती

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्बांधणीत महिला गटांसोबत काम केलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने पुढे मराठवाड्यात एक एकर शेतीचा प्रयोग राबविला. कुटुंबाच्या जमिनीपैकी एकरभरापर्यंतचा तुकडा महिलेने कसावा, त्यात धान्य, कडधान्ये व भाजीपाला घ्यावा आणि काय पेरायचे ते तिनेच ठरवावे, हे त्याचे सूत्र. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. राज्याच्या 'उमेद' अभियानानेही बचत गटांमार्फत पोषण परसबागेची मोहीम हाती घेतली.

परसबागेचे पाणी, खुरपणी व राखण बहुधा बाईच्याच वाट्याला येते. शेतातील मजुरी आणि घरकाम सांभाळून हे काम तिने एकटीनेच करायचे असेल, तर बाग एका हंगामापलीकडे टिकत नाही. कुंपण घालणे, आळे खोदणे, शेणखत आणून टाकणे ही कामे घरातील इतरांनी वाटून घेतली पाहिजेत. शिवाय पहिली भाजी बाजारात न जाता घरच्या ताटात, तीही घरातील बाईच्या ताटात पडली, तरच परसबागेचा हेतू साध्य होईल.