कोण रे तू, खेकडोबा?

घरी येणारा पाहुणा आधी फोन करतो, निदान दारावरची घंटी तरी वाजवतो. पण काही पाहुणे यातलं काहीच करत नाहीत. ते दगडात बसून येतात! आणि आल्यावर महिना महिना तोंडही दाखवत नाहीत.

कुठे येतात हे पाहुणे? येतात घरातल्या समुद्रात. गोड्या पाण्याच्या काचेच्या पेटीत गोल्डफिश, गप्पी वगैरे मासे तुम्ही पाहिलेच असतील. पण अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांत अनेक हौशी मंडळी घरात चक्क खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात आणि त्यात प्रवाळाचा, म्हणजे पोवळ्याचा, छोटासा बगिचा वाढवतात. बगिचा म्हटलं तरी प्रवाळ हे झाड नव्हे बरं का! ते प्राणी आहेत. प्रत्येक फांदीवर शेकडो इवलाली तोंडं आणि प्रत्येक तोंडाभोवती इवलाले हात. त्यांना जगवायचं म्हणजे खारं पाणी हवं, ते हलतं ठेवायला पंप हवा, वर झगझगीत दिवे हवेत. आणि तळाशी हवा ‘जिवंत दगड’.

दगड कधी जिवंत असतो का, असं तुम्ही विचाराल. दगड नसतोच, पण त्याच्या भोकाभोकांत सगळी वस्ती असते. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू, स्पंज, किडे, शेवाळ, शंख-शिंपले. म्हणून या दगडाला इंग्रजीत ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या समुद्रातून असे दगड पूर्वी सर्रास उचलले जात. त्याने समुद्राचा तळ उघडा पडू लागला, तेव्हा १९९० च्या दशकात तिथे ते उचलायला बंदी आली. आता तिथले लोक समुद्रतळाचा तुकडा सरकारकडून भाड्याने घेतात, त्यावर साधे चुनखडीचे दगड टाकतात आणि वाट पाहत बसतात. समुद्र आपलं काम करतो. खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगत असतात, ती मोठी होताना या दगडांवर उतरतात आणि भोकात शिरून बसतात. पुढे दगड बाहेर निघतो, ओलाच खोक्यात भरला जातो, गिऱ्हाइकाच्या घरी जातो. आतला बिनतिकिटाचा प्रवासीही त्याच्याबरोबर!

मग एके रात्री घरातलं कुणीतरी टाकीवर टॉर्च मारतं. एका भोकात दोन डोळे चमकतात, एक नांगी दिसते आणि सटकन नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी टाकीतला एक शंख रिकामा सापडतो. झालं! ‘खेकडा आहे, काढा त्याला!’

या हौशी मंडळींमध्ये एक जुना नियम आहे. अंगावर केस आणि नांग्यांची टोकं काळी असतील, तर खेकडा वाईट. गुळगुळीत आणि रंगीत असेल, तर चांगला. केसाळ, काळसर खेकड्यांना तर त्यांनी ‘गोरिला क्रॅब’ असं नावच ठेवून दिलंय. नियम सोपा आहे. पण खरा आहे का? की आपण नुसत्या तोंडावळ्यावरून कुणाला चोर ठरवतोय? चला, जरा गुप्तहेर होऊन पाहू.

पहिलं काम, पाय मोजणे. खेकड्याला नांग्या धरून दहा पाय. म्हणजे दोन नांग्या आणि चालायचे आठ. आता टाकीतल्या पाहुण्याचे चालायचे पाय सहाच दिसले आणि डोळ्यांजवळून लांबच लांब मिशा निघालेल्या दिसल्या, तर तो खरा खेकडाच नव्हे! त्याचं नाव चिनीमातीचा खेकडा, इंग्रजीत पोर्सेलीन क्रॅब. त्याच्या पायांची शेवटची जोडी इतकी बारीक असते, की ती अंगाखाली दुमडून लपलेली असते. नांग्या मोठ्या आणि चपट्या, पाहिल्यावर भीती वाटावी अशा. पण हा बिचारा तोंडाजवळचे पिसांसारखे पंखे हलवतो आणि पाण्यातले बारीक कण गाळून खातो. कुणी धरलंच तर नांगी तिथेच टाकून पळतो. चिनीमातीच्या कपाचा कान हातात यावा, तसं! म्हणून तर हे नाव.

पाय आठ भरले, तर पुढे शेवटची जोडी पाहा. ती वल्ह्यासारखी चपटी असेल तर हा पोहणारा खेकडा आणि पोहणारा म्हणजे बहुधा शिकारी. हे ओळखायला फ्लोरिडाला जायला नको. आईबाबांबरोबर मासळीबाजारात जाल, तेव्हा खाडीतल्या चिंबोरीचे मागचे पाय पाहा. अगदी वल्हीच.

आता नांग्या. खेकडा काय खातो हे त्याच्या तोंडापेक्षा नांग्याच अधिक सांगतात. आपल्या स्वयंपाकघरात जशी प्रत्येक कामाला वेगळी वस्तू, तसंच खेकड्याचं आहे. काहींच्या नांगीची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात. असा खेकडा दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. कॅरिबियन समुद्रातला हिरवागार ‘एमराल्ड’ खेकडा हा चमचेवाला. त्याचं शास्त्रीय नाव मिथ्राक्युलस स्कल्प्टस. टाकीत हिरव्या बुडबुड्यांसारखं एक शेवाळ माजतं, ते तो खातो, म्हणून लोक त्याला मुद्दाम विकत आणतात. काहींची नांगी टोकदार चिमट्यासारखी. मऊ मांस उचकटायला उत्तम. आणि काहींची एक नांगी दुसरीपेक्षा जाडजूड, आत दाढेसारखे उंचवटे. हा तर सरळ सरळ अडकित्ता! सुपारी फोडावी तसा तो शंख फोडतो. फ्लोरिडाच्या समुद्रातला ‘स्टोन क्रॅब’ असा अडकित्तेवाला. त्याच्या नांग्यांची टोकं काळी आणि फार टणक असतात. तो लहानपणी दगडातून आला, तर टाकीतल्या शंखांची खैर नाही. (तिथले कोळी या खेकड्याची नांगी काढून घेतात आणि खेकडा परत समुद्रात सोडतात. जगला तर त्याला नवी नांगी फुटते. हा सौदा खेकड्याला कितपत पसंत असेल, कोण जाणे!)

इथपर्यंत जुना नियम बऱ्यापैकी चालला. काळ्या टोकाचा निघाला शंखफोड्या, हिरवा गुळगुळीत निघाला शेवाळखाऊ. पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे.

ताहितीजवळ मोरेआ नावाचं बेट आहे. तिथल्या प्रवाळाच्या फांद्यांमध्ये ट्रॅपेझिया जातीचे खेकडे राहतात. आकाराने तुमच्या नखाएवढे, अंग चकचकीत, नांग्या मात्र लांब. घरच्या टाकीत विकत आणलेल्या प्रवाळाबरोबर हे हमखास येतात. प्रवाळावर बसून काहीतरी खाताना दिसले, की मालकाच्या पोटात गोळा उठतो. आपलं महागाचं प्रवाळ हा कुरतडतोय! मग चिमटा घेऊन त्याला ओढून काढायची घाई सुरू होते. शास्त्रज्ञांनी मोरेआला काय केलं? त्यांनीही काही प्रवाळांवरचे खेकडे मुद्दाम काढले आणि काय होतं ते पाहिलं. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. खेकडे काढलेल्या प्रवाळांपैकी ४५ ते ८० टक्के एका महिन्याच्या आत मेले! जे जगले, त्यांची वाढ मंदावली आणि रंग फिका पडला.

असं का व्हावं? कारण समुद्रात सारखा गाळ पडत असतो आणि प्रवाळाला हात झटकून तो पाडता येत नाही. ते काम खेकडा करतो. घराचा केर काढावा, तसा तो फांद्या झाडतो. प्रवाळाच्या अंगावरचा पौष्टिक चिकट पदार्थ तो खातो खरा, पण त्याचं भाडंही चुकतं करतो. आणि नुसती झाडलोट नाही, पहारासुद्धा! काटेरी मुकुटाचा तारामासा हा प्रवाळाचा वैरी. तो अंगावर चढू लागला, की हे नखाएवढे पहारेकरी धावून जातात आणि त्याच्या पायांना चिमटे काढतात, त्याचे काटे तोडतात. पुष्कळदा एवढा मोठा तारामासा माघार घेतो. त्या खेकड्याला चिमट्याने ओढून काढणारा मालक म्हणजे घरच्या राखणदाराला हाकलून देणारा शेटजी!

तुम्ही म्हणाल, ट्रॅपेझिया गुळगुळीत असतो, म्हणजे नियम बरोबरच ठरला की. ठीक आहे. मग आता ऑस्ट्रेलियाला चला. तिथल्या ग्रेट बॅरियर रीफवर सायमो मेलॅनोडॅक्टिलस नावाचा खेकडा सापडतो. नावाचा अर्थच मुळी ‘काळ्या बोटांचा’. अंगावर केसही आहेत. म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे दोन्ही गुन्हे सिद्ध! त्यातून हा सापडतो कुठे? तर रोगट प्रवाळावर. तिथे प्रवाळाला एक रोग होतो. त्यात मांस गळून पडतं आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. त्या जखमेच्या कडेला हे काळ्या बोटांचे खेकडे गर्दी करून बसलेले असतात. चोरीच्या जागी सापडलेला माणूस चोर, असं म्हणायला आणखी काय हवं?

शास्त्रज्ञांनी इथेही तोच प्रयोग केला. काही रोगट प्रवाळांवरचे खेकडे काढले, काहींवर राहू दिले. २०१३ मध्ये त्याची हकीकत छापून आली. जिथे खेकडे काढले, तिथे रोग जास्त वेगाने पसरला! जिथे खेकडे होते, तिथे तो हळू सरकत होता. ज्याला आपण चोर समजत होतो, त्याच्यामुळे रोग रेंगाळत होता.

याचा अर्थ प्रत्येक केसाळ खेकडा संत असतो, असा मात्र मुळीच नाही. घरच्या टाकीत शंख फस्त करणारे आणि झोपलेल्या माशाला पकडणारे खेकडे खरोखरच असतात. उलट तो गुणी एमराल्ड खेकडासुद्धा मोठा झाला आणि शेवाळ संपलं, की भुकेपोटी प्रवाळाला हात घालतो. म्हणजे रंग आणि केस एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. नांगी पाहायची, पाय पाहायचे, तो राहतो कुठे आणि करतो काय हे पाहायचं. काम थोडं कष्टाचं आहे.

पण पाहायचं कसं? दिवसा तो बाहेर येत नाही. त्यासाठी टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावतात. बहुतेक खेकड्यांना लाल उजेड नीट दिसत नाही, त्यामुळे तो बिनधास्त फिरतो. दुसरी युक्ती त्याहून छान. खेकडा वाढतो तेव्हा कात टाकतो. जुनं कवच आख्खंच्या आख्खं उतरतं, डोळ्यांवरचा पापुद्रासुद्धा! टाकीत असं कवच पडलेलं दिसलं, की अनेकांना वाटतं खेकडा मेला. खरं तर तो आपलं ओळखपत्रच टाकून गेलेला असतो. ते कवच उचलायचं आणि भिंगाखाली धरायचं. नांगीची टोकं, कडेचे दात, अंगावरचे केस, सगळं जसंच्या तसं. आणि चावायची भीती नाही!

शंका पक्की झालीच, तर पकडायला साधा काचेचा पेला पुरतो. पेल्यात कोळंबीचा तुकडा टाकून तो रात्री दगडाला तिरका टेकवून ठेवतात. खेकडा वासाने आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. सकाळी पाहुणे पेल्यात! मग त्याला मारायची गरज नसते. टाकीखाली पाणी गाळायची वेगळी पेटी असते, तिथे तो सुखाने राहतो. जवळच्या समुद्रात सोडून देणं मात्र साफ चूक. हा खेकडा कुठून आलाय कुणास ठाऊक आणि परका प्राणी नव्या पाण्यात शिरला, की तिथल्यांची पंचाईत होते. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिल्यांदा आढळला. तो टाक्यांमधूनच समुद्रात गेला असं मानतात. आज कॅरिबियनभर त्याने तिथल्या लहान माशांची दाणादाण उडवली आहे.

आणखी एक. अनोळखी प्रवाळातला खेकडा कधीही खाऊ नये. काळ्या बोटांच्या या मोठ्या कुळातल्या काही जातींच्या मांसात इतकं जहाल विष असतं, की शिजवलं तरी ते जात नाही.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणार, ‘आपणही घरी अशी टाकी करू या का?’ आईबाबांनी हे नीट वाचावं. आपल्या देशात खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला! आपल्या समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळ लागलेला दगड तोडून आणणं हा गुन्हा आहे.

पण गुप्तहेर व्हायला टाकी कशाला हवी? आपल्या कोकणाला खडकाळ किनारा आहे, मुंबईतही आहे. मोठ्यांना बरोबर घ्या, ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा आणि खडकातल्या डबक्याजवळ न बोलता पाच मिनिटं बसा. कपारीतून एखादी नांगी बाहेर येईलच. चमचा आहे, चिमटा आहे की अडकित्ता? वहीत चित्र काढा, पाय मोजून लिहा. आणि एखादा दगड उलटून पाहिलात, तर तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला जी मंडळी राहतात, ती वर उन्हात आली की मरतात.