एकच प्रोग्राम, दोन आकार

एकच प्रोग्राम अ‍ॅटमेगा-८८ आणि अ‍ॅटमेगा-१६८ या एकाच कुळातील, जवळजवळ सर्वतोपरी सारख्या मायक्रोकंट्रोलरांसाठी कंपाइल केला असता, मूळ मजकुरात एका अक्षराचाही फेरफार नसताना, दुसऱ्याकरिता तयार झालेला संच मोठा भरतो. हा कंपायलरचा दोष नव्हे, स्मृतीच्या विस्ताराचा तो परिणाम होय.

पहिल्याची फ्लॅश स्मृती ८ किलोबाइटांची, दुसऱ्याची १६. जवळच्या पत्त्यावर उडी घेण्याचा २ बाइटांचा हुकूम मागेपुढे सुमारे ४ किलोबाइटांपर्यंतच पोहोचतो. परंतु स्मृतीच्या अखेरीवरून पुन्हा आरंभाकडे वळता येत असल्यामुळे ८ किलोबाइटांचा मुलूख त्याच्या हद्दीत पुरता सामावतो. १६ किलोबाइटांत ही मजल अपुरी पडते, म्हणून तेथे संपूर्ण पत्ता वाहणारा ४ बाइटांचा हुकूम योजावा लागतो. त्याचा भार प्रथम पडतो तो इंटरप्टांच्या कोष्टकावर: नोंदी दोहोंकडे २६, पण एकीकडे ५२ बाइट आणि दुसरीकडे १०४, आणि प्रोग्रामने एकही इंटरप्ट वापरला नसला तरी हा खर्च सामान्यतः चुकत नाही. फंक्शनांना घातलेल्या हाकाही अशाच लांबतात. लिंकरला ‘रिलॅक्स’चा पर्याय दिल्यास जवळच्या हाका पुन्हा आखूड होतात, इतकी उपयुक्त तजवीज दुर्लक्षित राहू नये.

आकारातील फरक केवळ स्मृतीच्या विस्तारानेच पडतो असे नाही. जुन्या अ‍ॅटमेगा-८ मध्ये सीरियल पोर्टाची रजिस्टरे २ बाइटांच्या हुकुमांच्या टप्प्यात आहेत. अ‍ॅटमेगा-८८ मध्ये ती दूरच्या पत्त्यांवर गेल्याने तेच वाचन-लेखन ४ बाइटांच्या हुकुमांनी करावे लागते. अनेक अ‍ॅटटायनी चिपांत तर गुणाकाराचा हुकूमच नसल्याने गुणाकार लायब्ररीतील फंक्शनाकरवी करवून घ्यावा लागतो.