पेठांचा फुटबॉल

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. भांडी, अंथरुणं, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, लेकरं. मुकादमाची आगाऊ उचल उन्हाळ्या-पावसाळ्यातच घेऊन झालेली असते, टोळी ठरलेली असते. कुणी नगरकडे जातं, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट कर्नाटकात, आणि कुणी कोल्हापूर-सांगलीच्या उसात उतरतं. त्याच सुमारास कोल्हापुरात दुसऱ्या एका हंगामाची चाहूल लागते. पेठापेठांत खेळाडूंच्या नोंदणीची धावपळ सुरू होते, कोण कोणत्या संघातून कुठे गेला याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, लीगचे सामने लागतात. उसाचा गळीत हंगाम आणि फुटबॉलचा मोसम जवळजवळ एकाच वेळी उघडतात आणि उन्हाळ्यात एकाच वेळी आटोपत येतात.

बालाघाटावरच्या धारूरला आदिलशाहीतला किल्ला आहे, डोंगरात सीताफळं आहेत, उसाच्या फडात नाव असलेले मजूर आहेत. फुटबॉलच्या बातम्यांत मात्र धारूरचं नाव येत नाही. का येत नाही, हे समजून घ्यायचं तर ज्या शहरात फुटबॉल खोल रुजला आहे तिथे जावं लागतं. योगायोग असा की धारूरची माणसं दरवर्षी त्याच शहराच्या शिवारात जातात. छत्रपती राजाराम साखर कारखाना कसबा बावड्यात, म्हणजे कोल्हापूरच्या वेशीतच आहे. पलीकडे गगनबावडा रस्त्यावर फुलेवाडी आहे. फुलेवाडीचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे आणि त्याच रस्त्याने कुंभी-कासारी कारखान्याकडे उसाच्या गाड्या जातात.

कोल्हापूरच्या फुटबॉलचा कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगता येतो. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी बहरल्या. फुटबॉल संस्थानकाळात, राजघराण्याच्या आणि कॉलेजातल्या मुलांच्या पायांनी शहरात आला. पुढे केएसए या खेळाची घडी बसवू लागली. संस्थेवर राजघराण्याचं छत्र आजही आहे आणि मालोजीराजे छत्रपती तिच्या कामात पुढे असतात. वरच्या गटात 16 संघ खेळतात.

पण त्या 16 संघांच्या याद्या वाचताना बाहेरच्या माणसाची नजर अडते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, वेताळमाळ तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. एखाद्या कंपनीचं नाव शोधूनही सापडत नाही. ही नावं चौकांची, देवळांची, पाटाच्या काठाची आहेत.

इथे जरा थांबलं पाहिजे, कारण कोल्हापूरचा फुटबॉल ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र म्हणजे ही तालीम. आत शिरलं की हनुमानाची मूर्ती आणि तिच्यासमोर लाल मातीचा हौदा. बऱ्याच तालमींत आता हौद्यात पूर्वीइतकी कसरत उरलेली नाही. पण तालीम म्हणजे फक्त हौदा नव्हे. गणपती तिचाच, शिवजयंती तिचीच, काही तालमींत मोहरमचा पंजाही तिथेच बसतो. पेठेत कुणाच्या घरी मयत झाली की पहिली माणसं तालमीतून येतात. पुराच्या वेळी पंचगंगेचं पाणी वस्तीत घुसलं की घराघरातून माणसं काढायला तालमीची पोरं धावतात. अशा जागेनं फुटबॉलचा संघ उभा केला की त्याला मालक लागत नाही. वर्गणी पेठ देते, कुणी दुकानदार बूट देतो, कुणी जर्सी, बाहेरच्या खेळाडूच्या जेवणाची सोय कुणाच्या तरी घरी होते. आडनाव, जात, धंदा यांच्या पलीकडे जाऊन माणसं 'आमची तालीम' म्हणतात, ते या सगळ्या हिशेबासकट.

खेळाडूही पेठेचेच असतात. कुणी उद्यमनगरच्या वर्कशॉपात कामाला, कुणी शिरोलीच्या फाउंड्रीत, कुणी कॉलेजात, कुणी घरच्या दुकानात. सकाळी शिवाजी पेठेत गांधी मैदानावर सराव करायचा, मग कामावर जायचं, आणि सामना असेल त्या दिवशी दुपारी सुट्टी काढायची. पावसाळ्यात त्याच गांधी मैदानावर पाणी साचतं आणि मुलं दुसरी जागा शोधत फिरतात. चार वाजता सामना असला की स्टेडियमच्या पायऱ्या त्याआधीच भरतात. शिट्ट्या, घोषणा, हलगी. साध्या थ्रो-इनवरही हुज्जत होते, कारण पायरीवर बसलेल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी त्याच मैदानावर बूट घातलेले असतात. पाटाकडील आणि दिलबहार आमनेसामने आले की शहरातले चौक दुपारीच ओस पडू लागतात. ही चुरस पिढीजात आहे. आजोबांनी ज्या संघाविरुद्ध गोल वाचवला, त्याच संघाच्या बचावफळीतून नातू वाट काढत असतो.

या फुटबॉलचं मोल समजायचं तर कंपन्यांच्या क्लबांचं काय झालं ते आठवावं. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुण्याचा भारत एफसी 2015 मध्ये एक मोसम आय-लीग खेळला आणि संपला. 2007 मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी आय-लीगमध्ये उपविजेता होण्यापर्यंत गेला, आणि दशक पुरं व्हायच्या आत मिटला. 2017 मध्ये डीएसके शिवाजियन्सची पाळी आली. 2019 मध्ये इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलमधला, एफसी पुणे सिटी गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. राज्यात दहा वर्षांत इतके क्लब उभे राहिले आणि कोलमडले, तेव्हा पेठांतल्या तालमी आपला गणपती बसवत होत्या आणि आपला संघ मैदानात उतरवत होत्या.

गोव्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यातला एक छोटा क्लब डेंपो उद्योगसमूहाने हाती घेतला आणि त्यातून डेंपो स्पोर्ट्स क्लब घडला. 2004-05 ते 2011-12 या काळात त्याने देशाचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं, 2008 मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक मारली. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. 2016 मध्ये फुटबॉल महासंघाची देशातल्या लीगांची नवी रचना मान्य नसल्याने डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपो पुढे खालच्या पायरीवरून चढत 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला, पण मधल्या वर्षांत गोव्यातल्या किती मुलांची उमेदीची वर्षं गेली असतील.

दूर लिथुएनियात पानेवेझिस नावाचं शहर आहे. तिथल्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या कारखान्याचं नाव 'एक्रानास', आणि 1964 मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल क्लबचंही तेच. सोव्हिएत काळ गेला, कारखाना 2006 मध्ये दिवाळखोरीत निघाला, तरी क्लब तग धरून राहिला आणि 2008 ते 2012 अशी सलग पाच वर्षं देशाचा विजेता ठरला. मग पैसे संपले. 2015 च्या मोसमाचा परवाना मिळाला नाही आणि पाच दशकांचा क्लब बंद पडला. शहराने लगेच दुसरा क्लब उभारला, एफके पानेवेझिस, आणि 2023 मध्ये तोही देशाचा विजेता झाला. लोकांना क्लब हवा असला की तो पुन्हा उभा राहतो. पण तोवर पहिल्याची पदकं, खेळाडू, सवयी कुठच्या कुठे जातात. कोल्हापुरात हे तुटणं झालं नाही, आणि याचं श्रेय पेठेला आहे.

तरीही कोल्हापूरचं कौतुक करताना जीभ अडखळते. पहिलं कारण वरच्या वाटेचं. इतकं फुटबॉलवेडं शहर, आणि देशाच्या मोठ्या मैदानांवर पोहोचलेली त्याची मुलं बोटांवर मोजण्याइतकी. निखिल कदम पुण्यातून वर चढला. अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि अकादमीत. 2017 मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला तेव्हा तो भारताच्या संघात होता, आणि 2022 मध्ये आयएसएल जिंकलेल्या हैदराबाद एफसीकडूनही तो खेळला. म्हणजे गुणवान मुलाला पेठ सोडावी लागते, आणि तीही लवकर. जो पेठेत राहतो तो पेठेचा हिरो होतो, पंचविशीत गुडघा दुखवून घेतो आणि मग उरतो तो कट्ट्यावर.

दुसरं कारण मैदानाबाहेरचं. चुरस हाणामारीवर उतरते. सामन्यानंतर दगडफेक झाली, पोलिसांनी गुन्हे नोंदवले, स्पर्धेवर टाच आली, अशा बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. राजकीय नेते आपापल्या नावाचे चषक भरवतात, बक्षिसाची रक्कम वाढते, ती जिंकण्यासाठी संघ बाहेरून, अगदी आफ्रिकी देशांतूनही खेळाडू आणतात. त्या खेळाडूंच्या ताकदीमुळे खेळाची पातळी वाढली हे खरं. पण वर्गणीवर उभ्या संघाला हा खर्च झेपण्यासारखा नाही, आणि पेठेतला अठरा वर्षांचा मुलगा बाकावर बसून राहतो. तालमीचं बळ तिच्या मुलांत होतं. तिनंच मुलं बाकावर बसवली, तर कंपनीच्या क्लबात आणि तिच्यात फरक काय राहणार, ही काळजी जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात वारंवार येते आणि ती रास्त आहे.

आता धारूर. 2017 च्या त्याच विश्वचषकाआधी, 15 सप्टेंबरला, महाराष्ट्रात शाळाशाळांतून दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला. शाळांना चेंडू वाटले गेले. त्या वर्षी दसरा 30 सप्टेंबरला होता. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळांत नवा चेंडू आल्यावर दोन आठवड्यांत घराघरांत निघायची बांधाबांध सुरू होते, दिवाळीनंतर वर्ग निम्मे रिकामे होतात. चेंडू शाळेत राहतो, मुलं फडात जातात. ज्यांना नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येतं ती राहतात, बाकीची आई-बापांबरोबर पाचट गोळा करतात, धाकट्या भावंडांना खोपीत सांभाळतात. फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे सोळा-सतराच्या वयात, जेव्हा कोल्हापूरचा मुलगा पहिल्यांदा लीगमध्ये उतरतो, तेव्हा धारूरकडचा मुलगा अनेकदा लग्न करून स्वतःचा कोयता घेतो, आणि मुलीच्या वाट्याला हे त्याहून लवकर येतं.

बीड जिल्ह्यात खेळाडू निपजत नाहीत असं कुणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पण धावणं एकट्याला जमतं, रस्ता आणि दम पुरतो. फुटबॉलला अकरा मुलं एका गावात, एका मोसमात, वर्षानुवर्षं एकत्र लागतात. कोल्हापूरच्या पेठेची माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच गल्लीत राहिली म्हणून त्यांचा क्लब टिकला. धारूरच्या वाडीतली माणसं नेमक्या खेळायच्या महिन्यांत गावी नसतात. आळस, नावड, शरीरयष्टी असली कारणं सांगणाऱ्यांनी एकदा हे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहावेत.

यातून एक वाट दिसते. जून ते सप्टेंबर ऊसतोड कुटुंबं गावी असतात, मुलं शाळेत असतात. त्याच महिन्यांत कोल्हापूरची लीग बंद असते, आणि तिथले जाणते खेळाडू, प्रशिक्षक मोकळे असतात. राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली आहे, म्हणजे मुलांना हंगामातही गावाजवळ ठेवायची सोय होऊ शकते. पावसाळ्यातले चार महिने सरावाला आणि हिवाळ्यात वसतिगृहातल्या मुलांचे सामने, एवढं जमवता आलं तर तालुक्याचा संघ बांधता येईल. त्यासाठी अडचणी आहेतच. मैदान सपाट करून घ्यावं लागेल, वसतिगृहात खेळासाठी माणूस नेमावा लागेल, प्रशिक्षकाचा प्रवास आणि मानधन कुणीतरी उचलावं लागेल, आणि मुकादमाची उचल फेडायची असताना आई-बापांना सोळा वर्षांचा मुलगा मागे ठेवायला राजी करावं लागेल. शेवटची अडचण सगळ्यांत मोठी आहे, आणि ती क्रीडा खात्याच्या हातातली नाही.